आपल्या वेळचं मूळ गाणं

वडीगोद्रीच्या फाट्यावर चहाला थांबलं की गाणी निवडायची सोय नसते; जी येतील ती ऐकायची. जालन्याकडचा रस्ता इथं धुळे-सोलापूर महामार्गाला मिळतो आणि उसाच्या हंगामात कारखान्याकडं निघालेला प्रत्येक ट्रॅक्टर आपली मैफल बरोबर घेऊन जातो. परवा एकावर प्रल्हाद शिंद्यांचं विठ्ठलाचं गाणं लागलं होतं. मागं ढोल असे की पांडुरंगानंही कमरेवरचे हात उचलून कानांवर ठेवावेत. बाकावरचे आजोबा वैतागले. "आरं, वरिजनल लाव की लेका!" चालवणारं पोरगं हसून म्हणालं, "आबा, आमच्यासाठी हेच वरिजनल हाय."

पोराचं बोलणं हसण्यावारी नेता येईना. गीतरामायणाचंच बघा. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, ते पुणे आकाशवाणीवर सुरू झालं आणि आठवड्याला एक अशी ५६ गाणी झाली. शब्द गदिमांचे, चाली बाबूजींच्या, गळे मात्र कितीतरी: माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, राम फाटक. आपण ज्याला मूळ गीतरामायण म्हणून डोळे मिटून घेतो, तो त्यानंतर दहाएक वर्षांनी आलेला दहा तबकड्यांचा संच. त्यात राम सुधीर फडके, सीता सुधीर फडके, कौसल्या तेच आणि शूर्पणखाही तेच. तरी एकदाही खटकत नाही, ही बाबूजींची किमया. पहिल्या गाण्याचा तर कागदच हरवला होता आणि गदिमांना ते ऐनवेळी पुन्हा लिहावं लागलं, असं सांगतात. खरं असेल तर पहिली आवृत्ती निघायच्या आतच दुसरी बाजारात आली होती!

ती गाणी पुण्याहून हवेत सुटत होती तेव्हा वडीगोद्री हैदराबाद राज्यात होती. १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबई राज्यात आली, १९६० ला महाराष्ट्रात, आणि १ मे १९८१ ला औरंगाबाद जिल्ह्यातून निघून नव्या जालना जिल्ह्यात. गाव जागचं हललं नाही, वेष्टनं तेवढी बदलत गेली. महामार्गाचाही आकडा २११ होता, तो ५२ झाला. जुन्या ड्रायव्हरच्या तोंडी मात्र अजून दोनशे अकराच येतो.

आमच्या पिढीचं मूळ म्हणजे तालुक्याच्या दुकानातून 'भरून आणलेली' कॅसेट. वहीच्या पानावर गाण्यांची यादी करून द्यायची आणि चार दिवसांनी आणायला जायचं. आमच्या कॅसेटीत एका भावगीताचं पहिलं अक्षरच नव्हतं. दुकानदारानं बटण उशिरा दाबलेलं. वर्षानुवर्षं घरात सगळे ते गाणं तसंच, बिनअक्षराचं गुणगुणत. पहिली बाजू संपताना एक गाणं अंतऱ्यातच तुटायचं, आणि कॅसेट उलटून घालेपर्यंत जो श्वास रोखलेला असे, तो आमच्या लेखी चालीचाच भाग होता. आता मोबाइलवर तेच गाणं घासूनपुसून, खरखर काढून मिळतं. अक्षर जागेवर आहे, अंतरा सलग आहे, आणि मला सारखं कुणीतरी मध्येच बोलल्यासारखं वाटतं.

जुन्या तव्याच्या एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मावत, म्हणून बुजुर्गांनी तासाभराचा राग तेवढ्यात बसवला. आता अर्ध्या मिनिटाच्या रीलमध्ये नुसतं धृपद मावतं. नातवंडांना अंतरा ऐकवला तर त्यांना तो नव्यानं जोडलेला वाटतो.

आमच्या या गोदाकाठाला हा खेळ तसा नवा नाही. नदीच्या वरच्या अंगाला पैठण, तिथं नाथांनी भावार्थ रामायण लिहिलं. आमच्याच जिल्ह्यातल्या जांबेत जन्मलेल्या समर्थांनी सुंदरकांड आणि युद्धकांड पुन्हा रचलं. वाल्मीकींची परवानगी दोघांनीही काढली नव्हती. नाथांचं काम युद्धकांडातच थांबलं आणि पुढचं गावबांनी पुरं केलं. पारायणात तिथं पोचल्यावर बहुतेक माना तशाच डोलत राहतात. मागच्या खांबाला टेकलेला एखादा माळकरी मात्र शेजाऱ्याला कोपर मारतोच, "आता गावबा लागले बघ."