चिऊच्या वर्गातला टोमॅटो बाजार

स्टुटगार्ट,
रविवार

ती. आबा आणि आई यांस,


चिऊ पहिलीत रुळली. 'शिकवतात काय?' असं आबांनी फोनवर विचारलं होतं. आतापर्यंत मुख्यतः बूट काढून सपाता घालायला. घरी याच कामासाठी मी ओरडून घसा बसवते; शाळेत ते बाईंनी तोंड न उघडता होतं.

सकाळी आठला सगळे गोल करून बसतात. वार, तारीख, हवामान, मग ज्याला जे सांगायचं ते. आपला परिपाठच, फक्त प्रतिज्ञा नाही आणि उन्हात चक्कर येऊन पडणं नाही. कामं वाटलेली असतात: कुणी झाडांना पाणी घालतं, कुणी वह्या वाटतं. चिऊकडे फळा पुसणं आहे. त्यानं हात इतके दुखतात की घरी जेवलेलं ताट उचलवत नाही.

गोलात तिनं सांगितलं, आजोबांच्या उसात बिबट्या राहतो. बाईंनी मला थांबवून मुलीच्या कल्पनाशक्तीचं कौतुक केलं. मी मोबाइलवर माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र दाखवलं, तेव्हा त्या खुर्चीत बसल्या. इथे शाळाच सांगते, मुलांना सोडायला येऊ नका, एकटं चालत येऊ द्या. म्हटलं, आमच्या जुन्नर-आंबेगावात ऊस उभा असेपर्यंत हे जमायचं नाही.

पण खरी गंमत पुढेच. वर्गाच्या कोपऱ्यात खेळण्यातलं दुकान आहे. एकजण गल्ल्यावर, बाकीचे शिस्तीत रांगेत. मे महिन्यात नारायणगावचा टोमॅटो बाजार पाहून आलेल्या पोरीला ते अळणी वाटणारच. तिनं लाकडी टोमॅटोंचे क्रेट भरले आणि सौदे सुरू केले. एक तुर्की मुलगी व्यापारी झाली, एक पोलिश मुलगा हमाल, आणि चार खुर्च्यांचा टेम्पो झाला. शेतकरी झालेल्या मुलाला क्रेटमागे एक युरो भाव मिळाला. त्यानं चिडून सगळा माल गालिच्यावर ओतून दिला. आबा, हे त्याला कुणीही शिकवलं नव्हतं! 2023 च्या जुलैत 20 किलोच्या क्रेटनं 2,000 रुपये ओलांडले होते, ही तुमची गोष्ट सांगून चिऊनं त्याला पुढच्या हंगामापर्यंत धीर दिला.

प्रकरण शुक्रवारी वर्गसभेत गेलं. अध्यक्ष मुलंच, वेळ पाहणारी मुलंच, बाई गप्प. तक्रार एकच: सगळ्यांना व्यापारी व्हायचंय, शेतकरी कुणालाच नको. ठराव झाला तो असा: शेतकरी पाळीपाळीनं व्हायचं, भाव ठरवताना शेतकऱ्यालाही विचारायचं, खेळात बिबट्या दिवसातून एकदाच येईल. दुसरं कलम तिकडे कुणाला सांगू नका, लोक हसतील.

इथे पहिली-दुसरी एकत्र बसवतात. मोठं मूल लहानाला शिकवतं, ही सुधारलेली पद्धत, असं बाई समजावत होत्या. आबा, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या शाळेत तुम्ही चारही वर्ग एका खोलीत घ्यायचात, तेव्हा साहेब त्याला शिक्षकांची कमतरता म्हणायचे. मीही मग तुमच्या तालमीतलं काढलं: ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी सुरू केली. बाईंनी लगेच फ्रोबेलच्या किंडरगार्टनचं 1837 काढलं. सालात आपण हरलो. पण मुलं शाळेत येत नाहीत म्हणून ताराबाईंनी शाळाच आदिवासी पाड्यांच्या अंगणात नेली, हे ऐकल्यावर बाईंनी लिहून घ्यायला वही काढली.

आता चिऊचा प्रश्न. हमाली, तोलाई, टेम्पोभाडं वजा जाता शेतकऱ्याच्या हातात नेमकं किती उरतं? तिला वर्गात वजाबाकी मांडायची आहे. आबा, खरा आकडा कळवू नका. पाळीपाळीनं का होईना, पोरं आत्ता कुठे शेतकरी व्हायला तयार झालीत.

तुमची,
बेबी