मिटवणारे भाऊ

वणीत कोणत्याही संस्थेत पगारी आणि मानसेवी यांची जुंपली, की भाऊंना फोन जातो. नाही गेला तरी भाऊ येतात. आधी पाणी मागतात, मग चहा, मग दोन्ही बाजू. त्यांचं नाव कोणत्या घटनेत नाही, धर्मादाय कार्यालयात जाणाऱ्या कोणत्या चेंज रिपोर्टात नाही. म्हणूनच त्यांना कुठून काढताही येत नाही.

परवा एका वाचनालयात पेटलं. वणीतली कोळशाची धूळ पुस्तकावर बसली, की फुंकून जात नाही. म्हणून कॉलेजच्या पोरापोरींनी रविवारी ग्रंथस्वच्छता मोहीम काढली. पुस्तकं चकचकीत पुसली आणि उंचीप्रमाणे लावून टाकली. दशांश वर्गीकरणाचा निकाल लागला. मराठ्यांचा इतिहास लोणच्यांच्या पाककृतींना टेकून उभा राहिला. फोटो मात्र झकास आला. सोमवारी ग्रंथपालांनी कपाटांना कुलपं ठोकली, कारण तपासणी तोंडावर आलेली.

“आम्ही फुकट राबतो, अन् वरून कुलूप?” पोरं म्हणाली.

“फुकट तं मीबी राबतो,” ग्रंथपाल म्हणाले. “तुमाले हार भेटते, मले पगाराची तारीखबी भेटत नाही.”

खरी मेख इथेच आहे. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयाला वर्गवारीप्रमाणे अनुदान मिळतं, ते हप्त्यांनी येतं आणि पगार त्या हप्त्याला टांगलेला असतो. पण भाऊ मेखेला हात लावत नाहीत. ते पोरांना बाजूला घेऊन म्हणाले, “तुमचंच खरं हाय, पण त्याइचं मन राखा.” मग ग्रंथपालांना गाडीवर बसवून रंगनाथ स्वामींच्या देवळापर्यंत नेलं आणि तेच वाक्य ऐकवलं. दोन्ही पक्ष जिंकून परतले, त्यामुळे भांडण दुप्पट जोमानं सुरू झालं.

मग भाऊंनी ठेवणीतलं अस्त्र काढलं. “1931 साली बंगालात सुभाषबाबू अन् सेनगुप्तांचं भांडण मिटवाले काँग्रेसनं कोणाले धाडलं? आपल्या वणीत जन्मलेल्या बापूजी अण्यांले!” हे खरं आहे. त्याच वर्षी सुभाषबाबूंनी प्रांतिक काँग्रेसचं अध्यक्षपद सोडलं, हे भाऊ सांगत नाहीत.

भाऊ बंगालात असताना शिपायानं एक कपाट उघडलं. “एका वेळी एकच कप्पा काढा. पुसा. जसा होता तसाच ठेवा. मंग दुसरा. अन् औंदा हार सरले घाला.”

“हाराचं राहू दे,” ग्रंथपाल म्हणाले, “कप्प्याचं बराबर हाय.” पोरांनी फडकी उचलली.

“मिटलं ना?” भाऊ उठले. “मंग इतिवृत्तात ‘भाऊंच्या मध्यस्थीनं’ असं लिहा. अन् लवकर लिहा बाप्पा, मले गणेश मंडळाच्या बैठकीले जा लागते. तिथं अजून कोणी भांडलं नाही, पण मी पोचतो.”