टनवादी गृहस्थ

व्हरमाँट, न्यू हॅम्पशायर आणि मेन ही अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्ये दाट जंगलांसाठी, लांबलचक हिवाळ्यासाठी आणि मितभाषी माणसांसाठी ओळखली जात असली, तरी या माणसांमध्ये असा एक वर्ग आहे की, लाकूड फोडण्याच्या हायड्रॉलिक यंत्राचा विषय निघताच त्याचा मितभाषीपणा पार गळून पडतो. या यंत्राची ताकद टनांत सांगितली जात असल्यामुळे या वर्गातील माणसाला सोयीसाठी ‘टनवादी गृहस्थ’ म्हणता येईल. तो बहुधा पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे असतो, शहरातील कचेरीत विम्याचे किंवा संगणकाचे काम करतो, गावाबाहेर दोन-तीन एकरांच्या जागेत राहतो आणि तळघरात तेलावर चालणारी भट्टी सारे घर निमूटपणे तापवत असतानाही बैठकीच्या खोलीत लाकडाची बिडाची शेगडी पेटवून तिच्यासमोर कृतार्थ मुद्रेने बसतो.

त्याच्या हौसेला इतिहासाचे पाठबळ आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर या भागात लाकडी शेगड्यांचे पुनरुज्जीवन झाले, आणि तेलाचे भाव पुन्हा कधीही भडकतील हे वाक्य टनवादी गृहस्थ भाव उतरत असतानाही तितक्याच गांभीर्याने उच्चारतो. त्याहून जुना दाखला अब्राहम लिंकनचा. मे १८६० मध्ये इलिनॉयमधील डिकेटर येथे भरलेल्या रिपब्लिकन पक्षाच्या राज्य अधिवेशनात, लिंकनने तरुणपणी फोडल्याचे सांगितलेले कुंपणाचे दोन वासे मिरवत आणले गेले आणि लाकूड फोडणारा उमेदवार ही त्याची ख्याती देशभर पसरून तो त्याच वर्षी अध्यक्षपदी निवडून आला. लिंकनजवळ कुऱ्हाड, घण आणि पाचर यांखेरीज दुसरे साधन नसल्यामुळे त्याला यंत्रांची तुलना करण्यात वेळ घालवता आला नाही आणि तो वेळ त्याने नाइलाजाने कायद्याच्या अभ्यासात घालवला, एवढाच काय तो दोघांमधील फरक.

टनवादी गृहस्थाची गरज नेमकी किती, हे समजण्यासाठी ‘कॉर्ड’ हे माप ध्यानात घेतले पाहिजे. चार फूट रुंद, चार फूट उंच आणि आठ फूट लांब रचलेली लाकडांची चवड, म्हणजेच १२८ घनफूट, याला कॉर्ड म्हणतात. आपल्याकडील वखारीत जळण वजनावर मिळत असल्याने ओल्या लाकडाबरोबर पाण्याचेही पैसे मोजावे लागतात. तिकडे ते आकारमानावर मिळत असल्याने सैल रचणाऱ्या विक्रेत्याकडून हवा विकत घ्यावी लागते. संपूर्ण घर लाकडावर तापवणाऱ्या कुटुंबाला एका हिवाळ्यात चार-सहा कॉर्ड सहज लागतात, परंतु टनवाद्याची शेगडी मुख्यतः शनिवार-रविवारी आणि पाहुणे आले असता पेटत असल्यामुळे त्याचे दोन कॉर्डांत भागते. इतके लाकूड धडधाकट माणसाला आठ पौंडी मॉलने, म्हणजे एका अंगाला बोथट धार आणि दुसऱ्या अंगाला घण असलेल्या जड कुऱ्हाडीने, काही सुट्ट्यांमध्ये फोडता येते.

हा हिशेब टनवादी गृहस्थाला ठाऊक नसतो असे नाही, पण त्याचे लक्ष दोन कॉर्डांवर नसतेच. ते एका ओंडक्यावर खिळलेले असते. हा ओंडका एल्म जातीच्या झाडाचा. ॲश किंवा तांबडा ओक यांचे तंतू बहुधा सरळ जात असल्यामुळे घाव बसताच ते दुभंगतात, तर एल्मचे तंतू एकमेकांत असे गुंतलेले असतात की पाचर आत शिरली तरी लाकूड फुटत नाही, ते फक्त ताणले जाते, आणि दोन फाका एकमेकींचा हात सोडायला तयार होत नाहीत. असा ओंडका उद्या वाट्याला आला तर काय करायचे, हा प्रश्न टनवाद्याला रात्री अंथरुणात छळतो. वास्तविक डच एल्म रोगाने, म्हणजे साल पोखरणाऱ्या भुंग्यांमार्फत पसरणाऱ्या बुरशीने, विसाव्या शतकात अमेरिकेतील बहुतेक मोठ्या एल्म वृक्षांचा केव्हाच फडशा पाडला आहे. दुसरीकडे, अमेरिकेत प्रथम मिशिगनमध्ये २००२ साली आढळलेल्या हिरव्या ॲश-भुंग्याने ॲशची झाडे इतक्या मोठ्या प्रमाणावर मारली आहेत की जळणासाठी वाळकी ॲश अनेक ठिकाणी मुबलक मिळते, आणि ॲश हे फोडायला सर्वांत सोप्या लाकडांपैकी एक आहे. अशा रीतीने शत्रू जवळजवळ नामशेष झालेला आणि समोर उभी असलेली फौज शरण आलेली, अशा परिस्थितीत टनवादी गृहस्थ शस्त्रखरेदीस निघतो.

ही खरेदी तो एखादा बाप मुलीसाठी स्थळे पाहतो तशी करतो: पत्रिका मागवतो, घराणे विचारतो आणि सगळे जमल्यावर उंचीत खोट काढतो. यंत्राची पत्रिका म्हणजे त्याचे टन. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे तत्त्व सतराव्या शतकात ब्लेझ पास्काल याने मांडले आणि त्यावर आधारलेल्या दाबयंत्राचे पेटंट जोसेफ ब्रामा याने १७९५ साली घेतले. लाकूड फोडण्याच्या यंत्रातही पंपाने रेटलेले तेल सिलिंडरमधील दट्ट्याला ढकलते आणि दट्ट्या पाचरीला. म्हणून यंत्राची ताकद म्हणजे दट्ट्याचे क्षेत्रफळ गुणिले तेलाचा दाब. चार इंच व्यासाच्या दट्ट्यावर दर चौरस इंचास ३,००० पौंड दाब असेल, तर एकूण जोर सुमारे ३७,७०० पौंड होतो, म्हणजे २,००० पौंडांच्या अमेरिकन टनांत मोजला तर एकोणीस टनही भरत नाही. तशाच सिलिंडरच्या अंगावर पंचवीस टनांची चिठ्ठी डकवलेली दिसली की टनवादी गृहस्थ खिशातून गणकयंत्र काढतो, त्यासाठी दाब जवळजवळ ४,००० पौंड लागेल हे विक्रेत्याला सिद्ध करून दाखवतो आणि या विजयाच्या भरात त्याच दुकानातून अधिक महाग यंत्र मागवतो.

अधिक महाग म्हणजे पाच इंची सिलिंडरचे. त्यात त्याच दाबाला साडेएकोणतीस टनांच्या आसपास जोर मिळतो, परंतु मोठा सिलिंडर भरायला तेलही जास्त लागते. मिनिटाला अकरा गॅलन तेल सोडणारा पंप चार इंची दट्ट्याला दोन फूट पुढे न्यायला सात सेकंद घेतो, तर पाच इंचीला अकरा. हे चार सेकंद टनवाद्याच्या जिवाला लागतात. ते बहुतांशी परत मिळवायचे तर मिनिटाला सोळा गॅलनांचा पंप हवा, त्या पंपाला मोठे इंजिन हवे, इंजिनाला आणि तेलाच्या टाकीला पेलणारी जाडजूड तुळई हवी, आणि या सगळ्याचे वजन झाल्यावर ते ओढून न्यायला पिकअप गाडी हवी. गाडीचा विषय निघतो त्या रात्री त्याची पत्नी, आपल्याला वर्षाला लाकूड नक्की किती लागते, असा प्रश्न विचारते. या प्रश्नाला टनवादी वाङ्मयात समाधानकारक उत्तर सापडत नाही.

यंत्र घरी आल्यावरचा पहिला रविवार जवळून पाहण्यासारखा असतो. कानांवर आवाजरोधक, डोळ्यांवर गॉगल आणि पायांत पोलादी टोकाचे बूट चढवून टनवादी गृहस्थ ॲशचा एक ओंडका तुळईवर आडवा ठेवतो आणि तरफ पुढे दाबतो. पंप दोन टप्प्यांचा असतो, म्हणजे पाचर लाकडाला टेकेपर्यंत तो भरपूर तेल कमी दाबाने सोडतो आणि अडथळा आला की थोडे तेल मोठ्या दाबाने. हा बदल होताना इंजिनाचा आवाज पट्टी बदलतो, आणि तो ऐकण्यासाठीच हा सारा खटाटोप केलेला असतो. परंतु पाचर दोन इंच आत जाताच ॲश फट्‌कन दुभंगते, आवाज आहे त्याच पट्टीत राहतो आणि वेगळे पैसे मोजून बसवलेल्या दाबमापकाचा काटा जागच्या जागी थरथरून पुन्हा शून्यावर येतो. दुसऱ्या, तिसऱ्या आणि विसाव्या ओंडक्याची हीच कथा होते. दुपारपर्यंत वर्षभराच्या जळणातील निम्मे फोडून होते आणि टनवादी गृहस्थाच्या चेहऱ्यावर, ज्याच्याशी कोणी कुस्तीच धरत नाही अशा पहिलवानाची खिन्नता पसरते.

यानंतर तो गाठाळ लाकडाच्या शोधात बाहेर पडतो. वादळात पडलेले झाड, फांद्यांचे बेचके, कोणीही घ्यायला तयार नसलेले बुडखे, यांची चौकशी करत तो शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दारी जातो आणि बोलता बोलता आपले यंत्र वापरायला देऊ करतो. मात्र अशा यंत्राची माहितीपुस्तिका ओंडका ठेवणारा आणि तरफ दाबणारा माणूस एकच असावा असे बजावते, कारण एकाचा हात तुळईवर आणि दुसऱ्याचा तरफेवर असला की बोटे जातात. तेल गळते आहे का हे हाताने चाचपू नये, बारीक छिद्रातून सुटलेली तेलाची धार कातडीत घुसते, असेही ती सांगते. ही पुस्तिका तोंडपाठ असल्यामुळे टनवाद्याला यंत्र दुसऱ्याच्या हाती सोपवणे जिवावर येते, आणि शेवटी तो स्वतःच प्रत्येकाच्या अंगणात जाऊन त्याची लाकडे फोडून देतो. शेजारी त्याला कॉफी देतात, त्याच्या टनांची मनापासून स्तुती करतात आणि खांदा दुखत असल्याचे कारण सांगून खुर्चीत बसून राहतात.

असे यंत्र एका दिवसासाठी साधारण शंभर डॉलरांच्या आसपास भाड्याने मिळते आणि दोन कॉर्ड फोडायला एक दिवस पुरतो, त्यामुळे दोन-अडीच हजार डॉलरांची खरेदी भाड्याच्या हिशेबाने वसूल व्हायला वीस-पंचवीस वर्षे लागतात. शिवाय फोडलेले लाकूड त्याच दिवशी जाळता येत नाही. त्यातील ओलावा वीस टक्क्यांच्या खाली आला तरच ते फारशा धुराशिवाय नीट जळते, आणि ओकला त्यासाठी बहुधा दोन उन्हाळे लागतात. म्हणजे जे चार सेकंद वाचवण्यासाठी पंप बदलला, ते वाचवून झाल्यावर लाकूड दोन वर्षे अंगणात पडून राहते. ज्याला वर्षाला दोन-तीन कॉर्डांहून अधिक जळण लागत नाही त्याने यंत्र भाड्याने आणावे आणि उरलेल्या पैशांतून चारही बाजूंनी वारा खेळेल असा, वर छप्पर असलेला लाकडांचा खोपा बांधावा. त्याच शेगडीतून अधिक ऊब मिळवण्याचा याहून खात्रीचा उपाय नाही. खोप्याची ताकद टनांत सांगता येत नाही, म्हणून तो बहुधा बांधला जात नाही.