चिमटीतली हळद, बाटलीतली हळद

पुण्यात वेताळ टेकडीवर सकाळी सहा-साडेसहाला जी मंडळी भेटतात, त्यांच्या गप्पांचा विषय गेल्या काही वर्षांत बदलला आहे. पूर्वी महापालिका, मेट्रो आणि सवाई गंधर्व महोत्सवात यंदा कोण रंगलं नाही, यावर बोलणं व्हायचं. आता ते गोळ्यांवर येतं. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांवर नव्हे. त्या काय, प्रत्येकाला असतात, त्यात मिरवायचं काय! मिरवायच्या गोळ्या वेगळ्या. ‘तुम्ही कर्क्युमिन घेत नाही? काय सांगता!’ हे एखादे काका अशा सुरात विचारतात, की समोरच्याला आपण आंघोळ न करताच लग्नाला आल्यासारखं वाटावं.

एरवी हेच काका मंडईत पेरू घेताना एक कापून दाखवायला लावतात. कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करून पाहतात. पण न्यू जर्सीहून भाच्यानं आणलेली बाटली मात्र तिच्यावरचं बारीक अक्षर न वाचता सुरू होते. कर्क्युमिन म्हणजे हळदीतला पिवळा घटक. त्या बाटलीतली हळद बहुधा आपल्याकडचीच असते, कारण जगातली बहुतेक हळद भारतातच पिकते. ती बोटीनं जाते आणि सुटकेसमधून परत येते, एवढंच.

ही बाटली खपते ती अँटिऑक्सिडंट या नावावर. अँटिऑक्सिडंटची गोष्ट ऐकायला फार सोपी आहे, म्हणून तर ती विकली जाते. शरीरात अन्न जळून ऊर्जा तयार होताना काही चिडके रेणू निर्माण होतात. त्यांना एक इलेक्ट्रॉन कमी असतो, तो ते शेजाऱ्याकडून ओरबाडतात. त्यातून पेशींची नासधूस होते. अँटिऑक्सिडंट पुढे होऊन स्वतःचा इलेक्ट्रॉन देतो आणि भांडण मिटवतो. यावरून, भांडण मिटवणारे जितके जास्त तितकं बरं, असं कुणालाही वाटेल. घोटाळा असा, की हेच चिडके रेणू आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला वापरतात आणि व्यायाम करताना स्नायूही त्यांच्याच मार्फत ‘आता जरा दमदार व्हा’ असा निरोप शरीरभर पाठवतात. 2009 साली जर्मनीत तरुणांवर एक प्रयोग झाला. चार आठवडे व्यायाम सगळ्यांनी केला. त्यातल्या काहींना जोडीला रोज 1000 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि 400 युनिट ई जीवनसत्त्व दिलं. व्यायामानं इन्शुलिनचं काम सुधारतं, ते नुसता व्यायाम करणाऱ्यांत सुधारलं. गोळ्या घेणाऱ्यांत नाही. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत असं दिसलं असंही नाही, पण टेकडीवर ही बातमी सांगायला मजा येते. तासभर घाम गाळून चढायचं आणि घरी जाऊन गोळीनं ते पुसून टाकायचं!

मोठ्या माणसांनाही हा मोह आवरला नाही. लायनस पॉलिंग यांना रसायनशास्त्राचं आणि शांततेचं अशी दोन नोबेल पारितोषिकं मिळाली होती. ते क जीवनसत्त्व रोज कित्येक ग्रॅम घ्यायचे. आपल्याकडच्या शिफारशीप्रमाणे पुरुषाला दिवसाला 80 मिलिग्रॅम आणि बाईला 65 पुरतं, आणि तेवढं एका मध्यम आवळ्यात सहज निघतं. पॉलिंग 93 वर्षं जगले हे खरं. त्यांचे चाहते ते श्रेय गोळीला देतात. पण आमच्या पेठेत नव्वदी ओलांडलेल्या कितीतरी आज्या आहेत, आणि त्यांचं श्रेय अजून कुणी बाटलीत भरलेलं नाही.

फिनलंडची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिथे 29,133 सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर काही वर्षं अभ्यास झाला. गाजरात असतं ते बीटा कॅरोटीन रोज 20 मिलिग्रॅम दिलं तर फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल, अशी आशा होती. 1994 साली निकाल आला: बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत तो 18 टक्क्यांनी जास्त निघाला. बिचाऱ्या गाजरावर यात कसलाच आळ नाही. गाजर खाणाऱ्यांचं चांगलंच चाललेलं असतं. त्यातला एक पदार्थ वेगळा काढून गोळीत कोंबला, की तो गाजरासारखा वागेलच असं नाही.

आता हळदीकडे येऊ, कारण पुण्याला हळदीचा थोडा अभिमान आहे. वेताळ टेकडीच्या पाषाणकडच्या पायथ्याशी राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. तिचे संचालक असलेले डॉ. रघुनाथ माशेलकर 1995 साली दिल्लीला सीएसआयआरचे, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, प्रमुख झाले. त्याच वर्षी अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिळालं. गुडघा फुटल्यावर आजीनं जे केलं, त्याला आता परवानगी लागणार! माशेलकरांच्या संस्थेनं जुने संस्कृत, हिंदी, उर्दू संदर्भ गोळा करून पेटंट कार्यालयापुढे ठेवले आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झालं. लोकांनी या लढाईला ‘हळदीघाटी’ म्हटलं.

जिंकलो ते ‘हे आमच्या आजीला ठाऊक होतं’ या मुद्द्यावर. पण आजीला ठाऊक होती ती चिमूट. वरणात, भाजीत, दुधात, जखमेवर. एका सपाट चमच्यात तीनेक ग्रॅम हळद मावते आणि तिच्यात कर्क्युमिन साधारण तीन टक्के, म्हणजे 90 मिलिग्रॅम. बाटलीतल्या 500 मिलिग्रॅमच्या कॅप्सूलवर ‘95 टक्के’ लिहिलेलं असतं, म्हणजे 475. पाच चमच्यांहून जास्त हळद एका घोटात! कुठल्या आजीनं एका माणसाला रोज पाच चमचे हळद खाऊ घातली होती? अन्नातल्या रंगांसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी कर्क्युमिनची जी मर्यादा घातली आहे, ती वजनाच्या दर किलोला दिवसाला तीन मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला 180.

त्यात आणखी मिरी. कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारसं उतरत नाही, आणि शरीर तेही झटपट बाहेर टाकतं. 1998 साली बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की, दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातलं पिपेरिन 20 मिलिग्रॅम दिलं, तर उपलब्धता वीसपट वाढते. तेव्हापासून बाटलीत मिरी आली. पण पिपेरिन हे काम यकृताचा बंदोबस्त ढिला करून करतं, आणि बंदोबस्त ढिला झाला की इतर औषधांचंही रक्तातलं प्रमाण बदलू शकतं. इटली आणि अमेरिकेतून हळदीच्या कॅप्सूल घेणाऱ्यांत यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. अशी माणसं थोडी. पण डोळे पिवळे दिसू लागले, लघवी गडद झाली, तर ती हळदीची झाक समजून गप्प बसू नये. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असेल किंवा पित्ताशयात खडे असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडूच नये.

आणि इथेच आमचे काका अडतात. डॉक्टर विचारतात, ‘आणखी काही औषधं घेता का?’ काका ठामपणे ‘नाही’ म्हणतात. खोटं बोलत नाहीत ते. हळद औषध कुठाय, हळद तर नॅचरल! आपल्या कायद्यानुसार इथे विकल्या जाणाऱ्या अशा पूरक आहाराच्या बाटलीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापावं लागतं. काका एरवी दुकानांवरच्या पाट्या मोठ्यानं वाचून दाखवतात. बाटलीवरचं बारीक अक्षर तेवढं सुटतं.

अखेर काकूंनी काकांना न विचारता डॉक्टरांना फोन केला, आणि गोळ्या बंद झाल्या. पण डॉलरमध्ये घेतलेली अर्धी बाटली टाकून देणं सदाशिव पेठेच्या रक्तात नाही. काकू आता एक कॅप्सूल उघडून चौघांच्या वरणात हळदीऐवजी घालतात. माणशी सव्वाशे मिलिग्रॅमच्या आत. मर्यादेत बसतं, हा हिशेब त्यांनीच केला. रंग झकास येतो म्हणतात. वास मात्र काही येत नाही, म्हणून नंतर वरून थोडी सांगलीची हळद.