दोन फुटांतला दर्या

स्वतःच्या जागेच्या बाबतीत काका फार काटेकोर. डोंबिवलीचा फ्लॅट घेताना टेप लावून त्यांनी भिंतीची जाडीसुद्धा मोजली होती आणि कार्पेट एरियावरून बिल्डरला घाम फोडला होता. मात्र क्रॉफर्ड मार्केटात माशांच्या फुगलेल्या पिशव्या दिसल्या की हा हिशेबी माणूस विरघळतो.

घरचा टँक दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरला तर पाणी पंचावन्न लिटर. वाळू, दगड आणि बुडबुडे सोडणारा प्लॅस्टिकचा पाणबुड्या घातला की त्याहून कमी. एवढ्याशा पाण्यात काकांनी वसवलेली वस्ती अशी: दोन गोल्डफिश, चार एंजल, सहा निऑन टेट्रा, एक ऑस्कर, काच चाटायला सकर आणि पाहुण्यांना दाखवायला 'शार्क'. हा शार्क म्हणजे हॉटेलात बासा म्हणून ताटात येतो त्या पंगस कुळातला. पिशवीत बोटाएवढा, मोकळ्या नदीत मीटरभर.

"केवढा होतो हो हा?" काकांनी दुकानदाराला विचारलं होतं, नाही असं नाही.

"टँक जेवढा, तेवढाच वाढतो, साहेब."

हे वाक्य काकांना वेदवाक्य. खरं तर कोंदट, घाण पाण्यात मासा खुरटतो आणि लवकर मरतो. वन बीएचकेत वाढलेला काकांचा मुलगा सहा फुटी आहे, तरीही या सिद्धांताबद्दल त्यांना कधी शंका आली नाही.

माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो आणि तो पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला काही आठवडे लागतात. काकांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांचा गृहप्रवेश उरकला. पाणी दुधाळ झालं. मग स्वच्छतेचं वारं अंगात येऊन त्यांनी सगळं पाणी उपसलं, फिल्टरचा स्पंज नळाखाली खसखसून धुतला आणि जे काही जिवाणू रुजू पाहत होते, त्यांचीही उत्तरक्रिया केली.

पुढे निऑन एकेक करून दिसेनासे झाले.

"लाजाळू जात आहे," काका म्हणाले. "दगडामागे असतील."

ऑस्करचं पोट मात्र रोज गोल दिसत होतं.

काकूंनी साधा उपाय सुचवला होता: गप्पी पाळा. दीड-दोन इंचांचे, रंगीत शेपटीचे, या टँकला अगदी बेताचे. तेही नुसते नर आणावेत. माद्या आणल्या तर महिन्याभरात सोसायटीची सर्वसाधारण सभा भरते. पण महापालिकेचे लोक डासांच्या अळ्या खायला गप्पी सोडतात, हे काकांनी पाहिलेलं. "ते मासे नव्हेत," ते म्हणाले, "ते सरकारी कर्मचारी."

वर्ष सरायच्या आत ऑस्कर जवळजवळ फूटभर झाला आणि टँकची रुंदीही फूटभरच. त्याला वळायचं झालं तर शेपूट दुमडावी लागे. तेव्हा कुठे काकांना पाझर फुटला. तीन फुटी टँक आला, टीव्ही बेडरूममध्ये गेला आणि ऑस्करला ऐसपैस जागा मिळाली. दोन दिवस काका त्याच्याकडे कौतुकानं बघत बसले. तिसऱ्या दिवशी त्यांना टँक रिकामा रिकामा वाटू लागला आणि संध्याकाळी ते पिशवी घेऊनच घरी आले. आत चांदीच्या पात्यासारखं अरोवानाचं पिल्लू.

"अहो, हा तीन फूट होतो म्हणे," काकू म्हणाल्या.

"मग?" काका टेप गुंडाळत म्हणाले. "टँकही तीन फुटीच आहे!"