पोटनिवडणुकीचा अंदाज कसा बांधावा : भोकरच्या टपरीवरून नवशिक्यांसाठी

साहित्य फार लागत नाही. भोकरच्या बसस्टँडाजवळची कुठलीही टपरी, एक डुगडुगता बाक, कालचा पेपर (आजचा नको, त्यात बातमी असायचा धोका असतो) आणि चहा पाजणारा एक माणूस. तो माणूस शक्यतो तुम्ही स्वतः नसावा. एवढं जमलं की लोकसभेच्या पोटनिवडणुकीचा अंदाज बांधायला तुम्ही पात्र झालात. मतदार यादीत नाव पाहिजे अशी अटही नाही.

आमच्या गावाचं नाव ज्या झाडावरून घेतात, त्या भोकराचं लोणचं तुम्ही खाल्लं असेल. कच्चं भोकर फोडलं की आतला गर बोटांना चिकटतो आणि धुतला तरी लवकर जात नाही. उमेदवाराचं नाव तसंच असतं. एकदा तोंडातून निघालं की ज्याचं नाव आहे त्याने नाही म्हटलं, पक्षाने नाही म्हटलं, तरी ते आठ दिवस बाकाला चिकटून राहतं.

शिकायला उत्तम नमुना म्हणजे नांदेडची २०२४ ची पोटनिवडणूक. त्या वर्षी फेब्रुवारीत अशोकराव चव्हाण काँग्रेस सोडून भाजपमध्ये गेले आणि जिल्ह्यात काँग्रेस संपली, असं सगळ्या बाकांनी एकमताने ठरवलं. जूनमध्ये त्याच काँग्रेसचे नायगावचे वसंतराव चव्हाण भाजपच्या प्रतापराव पाटील चिखलीकरांना ५९,४४२ मतांनी हरवून खासदार झाले. बाकाने चहा बदलला, मत बदललं नाही. पुढे २६ ऑगस्टला, गोकुळाष्टमीच्या दिवशी, वसंतराव हैदराबादेत उपचार चालू असताना गेले. निकाल लागून तीन महिनेही झाले नव्हते.

इथे पहिला नियम. तेराव्यापर्यंत थांबावं. थांबत कुणीच नाही, पण आवाज तरी खाली ठेवावा. 'वाईट झालं, माणूस चांगला होता' म्हणायचं, एक घोट घ्यायचा, रस्त्याकडे बघायचं आणि मग शेजाऱ्याला हळूच विचारायचं, "आता कोन मामा?" हा प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारला ते पुढे कुणालाच आठवत नाही. त्या आठवड्यात पोळ्याच्या तोंडावर पावसाने जिल्हा झोडपून काढला होता, सोयाबीन पाण्यात उभं होतं. तरी प्रश्न विचारला गेला. आमच्याकडे पीक बुडतं, चर्चा बुडत नाही.

मग कायदा. नवशिका इथे घाईने फसतो, म्हणून थोडं सांगतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१-क प्रमाणे जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. मुदत संपायला वर्षापेक्षा कमी राहिलं असेल, तर घ्यावी लागत नाही. अशोकरावांनी फेब्रुवारीत भोकरची आमदारकी सोडली, तेव्हा याच कारणाने तिथे पोटनिवडणूक होणार नव्हती. पण कायदा वाचलेला माणूस टपरीवर नको असतो, तो चर्चेची मजा घालवतो. अंदाजाला खरोखर निवडणूक लागते असंही नाही. पुण्याचे खासदार गिरीश बापट मार्च २०२३ मध्ये गेले. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबरात 'निवडणूक घ्या' सांगितलं, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, निवडणूक झालीच नाही. तोवर इच्छुकांच्या नावांची चर्चा मात्र झाली. पुणेकरांची शिस्त म्हणतात ती ही.

आता उमेदवार तयार करायचे. आधी भूगोल पाठ करा. नांदेड जिल्हा आणि नांदेड लोकसभा हे दोन वेगळे प्राणी आहेत. भोकर, नांदेड उत्तर, नांदेड दक्षिण, नायगाव, देगलूर आणि मुखेड एवढंच लोकसभेत येतं. लोहा लातूरकडे, किनवट आणि हदगाव हिंगोलीकडे. किनवटच्या माणसाने नांदेडच्या खासदाराबद्दल छातीठोक बोलावं, हे चालतं. फक्त त्याला मतदान कुठे करतो ते विचारू नये.

नंतर आडनावं. चव्हाण म्हटल्यावर लगेच मान डोलवू नका. भोकरात नुसतं 'साहेब' म्हटलं की जुन्या माणसाला अशोकरावांचे वडील शंकरराव आठवतात आणि पन्नाशीच्या आतल्याला अशोकराव. नायगावचे चव्हाण वेगळे. वसंतरावांचे चिरंजीव रवींद्र चव्हाण काँग्रेसचे उमेदवार झाले, तेव्हा राज्यात भाजपचे एक मंत्रीही रवींद्र चव्हाणच होते, डोंबिवलीचे. टपरीवर एकाने सकाळी अर्धा तास डोंबिवलीकरांच्या नावाने नांदेडचं गणित मांडलं आणि कुणी त्याला अडवलं नाही. गणित बरोबर बसत होतं, कशाला अडवायचं?

नावं शोधायला दोन जागा पुरतात, पाव्हणे आणि नाराज. खासदारकी गमावलेला, तिकीट न मिळालेला, भावाशी बोलणं बंद असलेला, सगळे चालतात. चिखलीकर पुन्हा भाजपचे उमेदवार असतील असं गणित सोपं होतं. ते ऑक्टोबरात अजित पवारांच्या राष्ट्रवादीत गेले, लोह्यातून विधानसभा लढले आणि जिंकले. भास्करराव खतगावकर हे अशोकरावांचे मेहुणे, काही काळ भाजपमध्ये होते, ऐन गडबडीत काँग्रेसमध्ये परत आले. एमआयएमचे इम्तियाज जलील नांदेडमधून लढणार हे सप्टेंबरात गाजलं. शेवटी ते औरंगाबाद पूर्वमधून विधानसभेला उभे राहिले आणि तिथे २,१६१ मतांनी हरले. भाजपने अखेर डॉ. संतुकराव हंबर्डे यांना तिकीट दिलं. त्यांचे बंधू मोहनराव तेव्हा नांदेड दक्षिणचे काँग्रेसचे आमदार! हे कळल्यावर आमच्या बाकावर जो आनंद झाला, तो दोन्ही पक्षांच्या कार्यालयांत मिळूनही झाला नसेल. दोन भाऊ, दोन पक्ष, एक जिल्हा. यातून आठवडाभराचा चहा निघतो.

इथे एक शब्द शिकून ठेवा: 'आतून'. तो वापरता आला नाही तर ही विद्या सोडून द्या. "वरून त्याचं काम करतोय, पर आतून याचं हाय." या वाक्याला पुरावा लागत नाही आणि ते खोटं पडूच शकत नाही. हरला तर आतून पाडला, जिंकला तर आतून मदत झाली. मी स्वतः एका गृहस्थांना तीन टपऱ्यांवर तीन वेगवेगळ्या माणसांचं आतून काम करताना ऐकलं आहे. ते स्वतः मात्र त्या दिवशी मुदखेडला लग्नात जेवत होते.

सहानुभूतीचा पाठ जरा सावकाश घ्या, कारण इथे भलेभले घसरतात. नियम असा सांगतात की गेलेल्या लोकप्रतिनिधीच्या मुलाला तिकीट दिलं की शीट निघते. २०२१ मध्ये देगलूरला रावसाहेब अंतापूरकर करोनात गेले आणि त्यांचे चिरंजीव जितेश एक्केचाळीस हजारांवर मतांनी निवडून आले. झाला नियम सिद्ध. पण त्याच वर्षी मे महिन्यात पंढरपुरात भारत भालके यांचे चिरंजीव भगीरथ ३,७३३ मतांनी हरले होते. म्हणजे लोक हळहळतात हे खरं, पण हळहळ मतपेटीत किती उतरेल हे पंढरीच्या विठोबालाही आधी सांगता आलं नाही. त्यात देगलूरचे जितेश अंतापूरकर २०२४ मध्ये काँग्रेस सोडून भाजपमध्ये गेले आणि तिथूनही निवडून आले. आता ती सहानुभूती कोणत्या पक्षाच्या खात्यात धरायची?

जातीचं गणित मांडायला सगळ्यात सोपं आणि म्हणूनच सगळ्यात लबाड. वहीच्या मागच्या पानावर मराठा, मुस्लिम, दलित, ओबीसी, लिंगायत असे रकाने पाडायचे, आकडे मनाने टाकायचे, आणि बाजारात पोत्यांचं वजन करावं तशी माणसं तोलायची. बेरीज केल्यावर एकूण मतं मतदारांपेक्षा जास्त भरतात, त्याला 'क्रॉस' म्हणायचं. त्या वर्षी मराठा आरक्षण आंदोलनाचे मनोज जरांगे पाटील उमेदवार देणार की नाही, यावर सगळ्या वह्या अडून होत्या. अर्ज मागे घ्यायच्या दिवशी, ४ नोव्हेंबरला, भाऊबीजेच्या दुसऱ्या सकाळी त्यांनी कुणालाच उभं करणार नाही म्हणून जाहीर केलं. वह्यांची पानं फाटली, चहा मागवला गेला, नवीन पानं सुरू झाली. सोयाबीनचा हमीभाव त्या हंगामात ४,८९२ रुपये होता आणि व्यापारी त्याखाली मागत होते. तो रकाना मात्र एकाही वहीत मी पाहिला नाही. कदाचित ज्याच्या घरात सोयाबीन पडून होतं, तो टपरीवर बसलेलाच नव्हता.

इतिहास सांगायचा असेल तर अर्धाच सांगा. पूर्ण सांगितला की अंदाज मरतो. 'नांदेड म्हणजे काँग्रेस' म्हणायचं असेल, तर १९७७ चे केशवराव धोंडगे विसरा. 'चव्हाण घराणं हरत नाही' म्हणायचं असेल, तर १९८७ ला थांबा. त्या पोटनिवडणुकीत तरुण अशोकरावांनी प्रकाश आंबेडकरांना हरवलं होतं. १९८९ काढू नका, कारण दोनच वर्षांनी जनता दलाच्या डॉ. व्यंकटेश काब्दे यांनी अशोकरावांना हरवलं. 'नांदेड लाटेच्या उलट जातं' म्हणायचं असेल तर २०१४ सांगा. तेव्हा राज्यात काँग्रेसच्या दोनच जागा आल्या, नांदेड आणि हिंगोली. २०१९ सांगू नका. त्या वर्षी अशोकराव चाळीस हजारांवर मतांनी पडले आणि वंचितच्या यशपाल भिंगे यांनी एक लाख सहासष्ट हजार मतं घेतली. प्रत्येक नियमाला नांदेडने स्वतःच्या हाताने उत्तर देऊन ठेवलं आहे, आणि तरी आम्ही नियम करतो.

मग २० नोव्हेंबरची खरी परीक्षा. विधानसभा आणि लोकसभा एकाच दिवशी, एकाच केंद्रात. दोन यंत्रं, लोकसभेची मतपत्रिका पांढरी, विधानसभेची गुलाबी. जो गुलाबीवर कमळ किंवा धनुष्यबाण दाबेल, तो पांढऱ्यावरही युतीचंच दाबणार, हे इतकं उघड होतं की त्यावर कुणी पैजही लावेना. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार खात्यात आलेले, भोकरला अशोकरावांच्या कन्या श्रीजया चव्हाण उभ्या, साहेब फिरत होते. बाकाने निकाल लिहून टाकला होता.

मोजणी २३ तारखेला. सहाच्या सहा विधानसभा महायुतीने घेतल्या, एकही सुटली नाही. आणि लोकसभा काँग्रेसने. हंबर्डे पुढे आहेत, जिंकल्यासारखेच आहेत, अशा बातम्या दिवसभर येत होत्या. पेढे कुणी आणायचे यावर आमच्याकडे वाद चालू होता. शेवटी आकडे आले: रवींद्र चव्हाण ५,८६,७८८, संतुकराव हंबर्डे ५,८५,३३१. फरक १,४५७. सहा मतदारसंघांत वाटला तर प्रत्येकी दोनशे त्रेचाळीसही पुरी भरत नाहीत. लाडक्या बहिणीच्या एका हप्त्याच्या रुपयांपेक्षाही ही संख्या त्रेचाळीसने कमी.

म्हणजे त्याच रांगेत उभा राहिलेला, तीच शाई लावून घेतलेला माणूस एका यंत्रावर एक आणि दुसऱ्यावर दुसरंच दाबून आला होता. असे एकदोन नव्हते, निकाल फिरवायला पुरतील एवढे होते. का केलं ते त्यांना ठाऊक. माझ्या मते पोटनिवडणुकीबद्दल शहाणपणाचं काही असेल, तर ते त्या माणसाकडे आहे. आणि तो बाकावर येऊन बसत नाही.

हरलेला अंदाज झाकायचा कसा, हा शेवटचा पाठ. 'मी म्हटलंच होतं, घासून होणार' हे वाक्य निकालानंतर एका तासाच्या आत उच्चारावं. उशीर झाला तर दुसरा उच्चारतो. मी ते उच्चारलं नाही, कारण मला गरज नव्हती. मी महिनाभर सगळ्यांना ठासून सांगत होतो, "भोकरात पन्नास हजारांचं लीड पडतंय, लिहून घ्या." पडलं. श्रीजया चव्हाण पन्नास हजारांवर मतांनी निवडून आल्या. मी ते पांढऱ्या यंत्राबद्दल बोललो होतो आणि पडलं गुलाबीवर, एवढाच बारीक फरक. टपरीवाला तो फरक मानतो. अकरा कप चहा अजून माझ्या नावावर आहेत.