तेवीस रकाने

आमचे दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळ गाव करवीर तालुक्यात, हल्ली मुक्काम मिशिगन, डेट्रॉइटच्या पश्चिमेला अर्ध्या तासावर. एका मोटार कंपनीत ते गाड्यांची दारं हजारो वेळा उघडून-मिटून बघण्याच्या खात्यात आहेत. माणूस जिवाला जीव देणारा. फक्त त्यांना काही ठरवायला सांगू नये.

असा एखादा तुमच्याही नात्यात असेल. मिक्सर घ्यायचा तर हे लोक आधी चौदा घरांतल्या मिक्सरचे आवाज ऐकून येतात, आणि तोवर बायकोची चटणी पाट्यावर वाटून होते. पैसे वाचवण्यासाठी ही चौकशी चालते असा आपला गैरसमज असतो. चौकशी हाच त्यांचा खरा छंद, आणि वस्तू हा त्या छंदाचा अडथळा. वस्तू घरात आली की छंद संपतो ना!

2021 साली करोनाला कंटाळलेल्या अमेरिकेला चाकांवरच्या घरांचं वेड लागलं. त्या एका वर्षात कारखान्यांतून सहा लाख आरव्ही बाहेर पडल्या. त्यातल्या बहुतेक शेजारच्या इंडियानात, एल्कहार्टच्या आसपास बनतात. आमच्यापासून तीन तासांच्या आत. इतक्या जवळ वेड लागल्यावर दाजी कसे सुटणार? सत्तावीस फुटी मोटरहोम दारात आलं. आत शेगडी, फ्रिज, न्हाणीघर, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर माळ्यासारखा पलंग. ताईनं चाकाखाली लिंबू ठेवलं, मी नारळ फोडला.

गेल्या वर्षी या गाडीत सगळे मिळून नऊ रात्री झोपले. ती हिवाळ्यात कुठे ठेवायची याची चौकशी मात्र गणपती बसल्यापासून दिवाळीच्या तोंडापर्यंत चालली.

"मेव्हणं," दाजींचा फोन आला, "गाडीला बूड टेकायला जागा बघाय लागंल." वीस वर्षं अमेरिकेत काढूनही उत्साह चढला की दाजी थेट रंकाळ्यावर उतरतात.

दारात का नाही ठेवायची? तर सोसायटी. अमेरिकेत स्वातंत्र्य फार, असं ऐकून आलेल्या माणसाला इथली हाउसिंग सोसायटी भेटली की कोथरूडची आठवण येते. मोटरहोम सामान भरण्या-उतरवण्यापुरतं, अठ्ठेचाळीस तास दारात चालेल. एकोणपन्नासाव्या तासाला पत्र. गेल्या वर्षी आलेलं पत्र ताईनं फ्रिजला चिकटवून ठेवलंय.

तेव्हा दाजींनी एक्सेल उघडलं. तेवीस रकाने. भाडं, अंतर, छप्पर, जमीन खडीची की मातीची, कुलूप कुणाचं, कॅमेरे किती, आग विझवायची सोय, मालकाचा स्वभाव. होय, मालकाच्या स्वभावाला दहापैकी गुण होते. आडव्या ओळींत उघड्या मैदानापासून हीटर लावलेल्या बंद गोदामापर्यंत सगळे पर्याय. एक ओळ ॲरिझोनातल्या क्वार्टझसाइटचीही होती, कारण थंडीत हजारो आरव्हीवाले तिथल्या वाळवंटात जाऊन बसतात. गाडी दोन हजार मैल चालवत न्यायची, तिथे सोडायची आणि विमानानं परत यायचं, असा तो बेत. ताईनं ती ओळ रात्री गुपचूप खोडली.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत दाजी माणसं पकडत होते. एका हातात मसालेभाताची प्लेट, दुसऱ्या हातात फोनवर एक्सेल. एका हृदयरोगतज्ज्ञांना विचारलं, ताडपत्री टाकावी का? त्यांनी बिचाऱ्यांनी होय म्हटलं. झालं! दाजींनी त्यांना तिथेच अर्धा तास समजावलं की ताडपत्रीखाली दमट हवा कोंडते, बुरशी धरते, शिवाय वाऱ्यावर तिची फडफड सुरू झाली की रंग खरवडला जातो. घालायचंच तर श्वास घेणारं कापड घालावं. मसालेभात गार झाला. खरं सांगतो, दाजींचं यातलं काहीच चूक नसतं. त्यांचा त्रास होतो तो म्हणूनच.

हीटरवाल्या गोदामाला त्यांनी असंच बाद केलं. तिथलं सहा महिन्यांचं भाडं ऐकून मला कोल्हापुरातला वन बीएचके आठवला, पण दाजींचा मुद्दा वेगळाच. नळातलं पाणी काढून टाकलं की कोरड्या थंडीला गाडी भीत नाही. ऊब लागते ती उंदरांना. "म्हंजे भाडं आपण भरायचं आन् हीटर त्येंनी शेकायचा?"

पहिल्याच आठवड्यात आम्ही एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे जाऊन आलो होतो. दोन्ही बाजूंना वाळलेला मका, मध्ये त्याचं घर, मागे लाल कोठार. त्यानं टोपी मागे सरकवून गाडीचा फोटो पाहिला आणि म्हणाला, "कोठाराच्या मागे. महिना चाळीस." छप्पर? नाही. कॅमेरा? कुत्रा आहे. करारपत्र? त्यानं हात पुढे केला. दाजींनी तो हातात घेतला खरा, पण परतताना मालकाच्या स्वभावाला दहापैकी तीन दिले. "माणूस चौकशी करू देत न्हाई."

शेवटी सापडलं जत्रेचं मैदान. इथे बहुतेक काउंट्यांची उन्हाळ्यात जत्रा भरते. गाई, डुकरं, कोंबड्या, भोपळे, सगळ्यांना बक्षिसं. त्या जनावरांच्या लांबलचक गोठ्यांना हिवाळ्यात काम नसतं, म्हणून अनेक मैदानांवर ते होड्या आणि आरव्ही ठेवायला भाड्यानं देतात. ऑक्टोबरात आत, एप्रिलमध्ये बाहेर, मधे दार उघडत नाहीत. बंद छप्पर, काँक्रीटची जमीन, भाडं फुटावर. सत्तावीस फूट गुणिले दर. तेवीसपैकी एकवीस रकाने हिरवे झाले. गावी फोन केला तर दाजींचे वडील म्हणाले, "गोठ्यात घालतोस? मग त्येला मोठी चौकशी कशाला लागत्याय? हितं ट्रॅक्टर गोठ्यातच हाय." आगाऊ रक्कम भरली. ती परत मिळत नाही, हेही एका रकान्यात होतं.

मग आला तो गुलाबी रविवार. मोटरहोमच्या नळांत पाणी राहिलं आणि ते गोठून फुगलं तर नळ्या फुटतात, म्हणून आधी सगळ्या टाक्या रिकाम्या करायच्या आणि मग नळांत गोठणरोधक द्रव भरायचा. तो मुद्दाम गुलाबी असतो, मोटारीच्या रेडिएटरातल्या विषारी द्रवाशी गल्लत होऊ नये म्हणून. दाजी सिंकखालच्या कपाटात कमरेपर्यंत शिरलेले. बाहेर फक्त पायमोजे. एकात अंगठ्यापाशी भोक. आतून आवाज: "गुलाबी आलं का?" मी नळापाशी. आधी साधं पाणी, मग फुसफुस, मग एकदम घट्ट गुलाबी धार. "आलं!" "गरम पाण्याचा नळ बघा!" "आलं!" "शॉवर!" ताईनं दारातून डोकावून विचारलं, "सब्जा घालू का त्यात?" आतून उत्तर आलं नाही. पुढे बॅटऱ्या काढून तळघरात नेल्या. भरलेली बॅटरी उणे पन्नासालाही दाद देत नाही, पण उतरलेली शून्याच्या थोडं खालीच गोठून फुटू शकते. आता त्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी चार्जर लावून बसल्यात. खाली जिथे जिथे वायर किंवा नळी आत शिरते तिथे दाजींनी स्टीलचा काथ्या कोंबला. उंदराला करंगळीएवढं भोक पुरतं. फ्रिजचं दार उघडं राहावं म्हणून मध्ये टॉवेल. भडंगाचा एक दाणासुद्धा कुठे राहू नये म्हणून त्यांनी गुडघ्यांवर बसून टॉर्चनं सगळे कोपरे तपासले. मला मनापासून कौतुक वाटलं. इतक्या निगुतीनं आमच्या आजीनंही धान्याची कणगी लिंपली नसेल.

जाताना मी पुढे माझ्या गाडीत, मागे दाजी. मैदानाचा रखवालदार गोठ्याच्या दारापाशी हातवारे करत उभा. दाजी सावकाश, अगदी नवरदेवाच्या चालीनं पुढे आले. दार दहा फूट उंच. गाडी, टपावरच्या एसीसह, अकरा फूट चार इंच.

रखवालदारानं हात वर केला. दाजी खाली उतरले, दाराकडे पाहिलं, गाडीच्या टपाकडे पाहिलं, आणि खिशातून फोन काढून एक्सेल उघडलं. लांबी होती. रुंदी होती. मालकाचा स्वभाव होता. उंचीचा रकाना नव्हता.

मी काहीच बोललो नाही. मेव्हण्यानं अशा वेळी बोलू नये. रखवालदारानं तीन गोठे पुढे बोट दाखवलं. तिथल्या गोठ्याचं दार मोठं होतं, पण तो होड्यांनी कधीच भरून गेला होता.

संध्याकाळी म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या दारात आम्ही उभे. मका आता कापून झाला होता. त्यानं टोपी मागे सरकवली, गाडीकडे खालून वर पाहिलं. "कोठाराच्या मागे," तो म्हणाला. "महिना पन्नास." दहा डॉलर का वाढले, हे विचारायला दाजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. कुत्र्यानं गाडीची सगळी चाकं हुंगून घेतली. थँक्सगिव्हिंगच्या आधीच पहिला बर्फ पडला.

गाडी अजून तिथेच आहे, श्वास घेणाऱ्या कापडाखाली. पुढच्या हिवाळ्यासाठी नवीन एक्सेल तयार आहे. त्यात चोवीस रकाने आहेत. तेव्हा डेट्रॉइटपासून तासाभराच्या अंतरात कुणाच्या ओळखीत बंद कोठार असेल, तर मला कळवा. थेट दाजींना फोन करू नका. आणि कळवण्याआधी कृपा करून दाराची उंची मोजा. साडेअकरा फूट तरी हवी.